आकड्यांआडची माणसे

दिवाळीच्या अंकात विषाचे पुस्तक उघडून बसणे औचित्याला धरून नाही, असे कोणी म्हणेल. दारात आकाशकंदील लागला आहे, आत चकल्यांचा घाणा उतरतो आहे, आणि आमच्या या पानावर मात्र प्लुटोनियम! परंतु दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात; आजोबांच्या हातून तो सुनेच्या हाती जातो, आणि तिच्या हातून कॉलेजात जाणाऱ्या नातवाच्या. मला ज्या पुस्तकाविषयी लिहावयाचे आहे, ते अशाच साध्या घरांतल्या माणसांचे आहे. त्यात एक घरे रंगवणारा रंगारी आहे, रेल्वेच्या डब्यात उतारूंची सेवा करणारा एक नोकर आहे, बांधकामावरचा एक मजूर आहे. अणुयुग त्यांच्या आयुष्यात एका सुईच्या टोकातून शिरले, आणि नेमके काय शिरले ते त्यांना कोणी सांगितले नाही.

पुस्तकाचे नाव 'द प्लुटोनियम फाइल्स'. लेखिका आयलीन वेल्सम. प्रसिद्धीचे वर्ष १९९९. वेल्समबाई अमेरिकेत 'अल्बुकर्की ट्रिब्यून' या वृत्तपत्रात बातमीदार होत्या. याच विषयावर १९९३ च्या नोव्हेंबरात त्यांनी तेथे एक लेखमाला लिहिली, आणि तिला १९९४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या लेखमालेचा विस्तार म्हणजे हा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ. अशा ग्रंथाचे परीक्षण एखाद्या शास्त्रज्ञाने करावे, कादंबऱ्या लिहिणाऱ्याने त्यात का पडावे, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर इतकेच, की या ग्रंथाचा खरा विषय शास्त्रापेक्षाही नाव हा आहे. माणसाचे नाव पुसले की काय होते आणि ते पुन्हा लिहिले की काय होते, हे तो सांगतो. आणि नाव हा आम्हा लिहिणाऱ्यांचा नेहमीचा कच्चा माल आहे.

विषय नीट कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत अंधारात चमकणारी घड्याळे निघाली. त्यांच्या तबकड्यांवर रेडियम मिसळलेल्या रंगाने आकडे काढण्याचे काम तरुण मुली करीत. ब्रशाला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरून ओला करीत, आणि दर वेळी कणभर रेडियम पोटात जाई. ते हाडांत जाऊन बसले. १९२० नंतरच्या दशकात त्या मुलींचे जबडे झडू लागले, हाडे ठिसूळ झाली, कित्येक मरण पावल्या. न्यू जर्सीतल्या पाचजणींनी मालकांवर खटला भरला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. पुढे १९४१ मध्ये माणसाच्या शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल याची मर्यादा अमेरिकेत ठरली: एक दशांश मायक्रोक्युरी. हा आकडा मुख्यतः या मुलींच्या हाडांवरून आला. अणुयुगातील सुरक्षिततेच्या शास्त्राची पहिली ओळ अशी लिहिली गेली.

१९४२ साली शिकागो विद्यापीठात अणुबाँबच्या गुप्त कामाला वेग आला, तेव्हा त्या जाणत्या लोकांच्या डोळ्यांपुढे तबकड्या रंगवणाऱ्या मुली होत्या. म्हणूनच तेथे प्रारंभापासून एक आरोग्य विभाग होता आणि रॉबर्ट स्टोन नावाचे डॉक्टर त्याचे प्रमुख होते. प्लुटोनियम शोधून काढणाऱ्यांतील एक, ग्लेन सीबॉर्ग, यांनी १९४४ च्या जानेवारीत स्टोन यांना पत्र लिहून सावध केले, की हा नवा पदार्थ हाताळणाऱ्यांना मोठा धोका असू शकेल. प्लुटोनियमचे किरण बाहेरून फारसे काही करीत नाहीत. एक कागद आड धरला तरी ते अडतात. पण तोच पदार्थ श्वासातून किंवा जखमेतून आत गेला, की हाडांत आणि यकृतात ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतो.

मग कामगाराच्या अंगात किती प्लुटोनियम गेले आहे हे ओळखायचे कसे? जिवंत माणसाचे हाड उघडून पाहता येत नाही. त्याची लघवी मात्र तपासता येते. पण लघवीत आढळलेल्या अंशावरून शरीरात उरलेला साठा काढायचा, तर आत गेलेल्यापैकी रोज किती बाहेर पडते ते आधी ठाऊक हवे. उंदरांवर प्रयोग झाले. परंतु उंदीर तो उंदीर. कोणा माणसाला मोजून प्लुटोनियम दिल्यावाचून हे गणित सुटणार नाही, असे त्या डॉक्टरांच्या मनाने घेतले.

ग्रंथाचा आरंभ वेल्समबाईंनी एका अपघाताने केला आहे, आणि तो अचूक आहे. १ ऑगस्ट १९४४. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत डॉन मॅस्टिक हा तरुण रसायनशास्त्रज्ञ एक कुपी हाताळीत असताना ती फुटली, आतला द्राव भिंतीवर उडाला आणि तेथून त्याच्या तोंडात गेला. जिभेवर आम्लाची चव आली, तेव्हा त्याला कळले की आपण प्लुटोनियम गिळले. डॉक्टर लुई हेम्पेलमन यांनी त्याचे तोंड धुववले, पोट पंपाने रिकामे केले. आणि पोटातून निघालेला तो ऐवज त्याच्याच हाती देऊन त्यातले प्लुटोनियम परत गाळायला सांगितले, कारण साऱ्या जगात तेव्हा तेवढेसेच प्लुटोनियम होते! या प्रसंगाने हेम्पेलमन हादरले. त्यांनी संचालक ओपेनहायमर यांच्याकडे संशोधनाची मागणी केली. ओपेनहायमर यांनी त्याच महिन्यात मान्यता दिली. मात्र त्यातला प्राण्यांवरचा, किंबहुना माणसांवरचाही भाग शक्य तर दुसरीकडे व्हावा, अशी इच्छा दर्शवली.

'दुसरीकडे' हा शब्द वाचून मी बराच वेळ थांबलो. लॉस अलामोसला सगळे एकमेकांना नावाने ओळखत. जेवणघरात एका बाकावर बसत. तेथे कोणाला सुई टोचायची, तर उद्या त्याच्या बायकोला तोंड दाखवावे लागले असते. दुसरीकडे म्हणजे जेथे तोंड दाखवावे लागत नाही अशा ठिकाणी. दुसरीकडे म्हणजे इस्पितळ.

पहिला माणूस ओक रिज येथे सापडला. एब केड हा पन्नाशी उलटलेला कृष्णवर्णीय मजूर तेथल्या बांधकामावर होता. १९४५ च्या मार्चमध्ये मोटारीच्या अपघातात त्याची हाडे मोडली. एरवी प्रकृतीने तो ठणठणीत. १० एप्रिल रोजी त्याला ४.७ मायक्रोग्रॅम प्लुटोनियम टोचण्यात आले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्याची हाडे बसवण्याचे काम आणखी पाच दिवस लांबले, आणि तेव्हा हाडाचे नमुनेही घेण्यात आले. पंधरा दातही काढले गेले. केड १९५३ साली हृदयविकाराने वारला. त्याच्यानंतर १९४७ पर्यंत आणखी सतरा जण झाले: न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टरला अकरा, शिकागोला तीन, कॅलिफोर्नियात तीन. एकूण अठरा.

कागदोपत्री केडचे नाव 'एचपी-१२'. युद्धकाळात प्लुटोनियम हा शब्द उच्चारायला बंदी होती. त्याला 'प्रॉडक्ट' म्हणत. एचपी म्हणजे 'ह्यूमन प्रॉडक्ट', आपल्या भाषेत सांगायचे तर माणसातला माल. शिकागोच्या तिघांना 'सीएचआय', कॅलिफोर्नियाच्या तिघांना 'सीएएल', आणि पुढे एक-दोन-तीन. शाळेच्या हजेरीपटावरही क्रमांक असतात. परंतु क्रमांकाच्या शेजारी नाव असते, आणि मास्तर हाक मारतो ती नावाने. ज्या पटावर केवळ क्रमांक आहेत, तो पट मुलांचा नव्हे, सामानाचा. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटले, तेव्हा निदान 'नर' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता, भले तो शंखांच्या आवाजात बुडाला असेल. येथे तो आरंभीच खोडून टाकला होता. पुढे १९४७ च्या एप्रिलात अणुशक्ती आयोगाच्या एका टिपणात स्पष्ट लिहिले गेले, की माणसांवरील प्रयोगांचा उल्लेख असलेले, लोकमत बिघडवील वा खटले ओढवील असे कागद बाहेर जाऊ देऊ नयेत. खोडरबर असे दोन्ही बाजूंनी चालले: माणसाला पदार्थाचे नाव ठाऊक नाही, आणि कागदाला माणसाचे.

वेल्समबाईंचे मोठेपण येथून सुरू होते. १९८७ साली हवाईदलाच्या किरणोत्सर्गी कचऱ्याविषयीचा एक अहवाल चाळताना त्यांना एक तळटीप दिसली. विषय पुरलेल्या जनावरांचा. टिपेत मात्र माणसांना प्लुटोनियम टोचल्याचा उल्लेख. बातमीदाराचे डोळे तेथे अडकले. आकडे मिळत होते, वये मिळत होती, लघवीच्या नोंदी मिळत होत्या. नाव एकही नव्हते. अखेर एका कागदावर 'सीएएल-३' या रुग्णाच्या संदर्भात टेक्सासमधल्या इटली नावाच्या लहानशा गावाचा उल्लेख सापडला. बाईंनी त्या गावच्या कचेरीत दूरध्वनी केला: डावा पाय कापलेला, वयस्कर, कृष्णवर्णीय गृहस्थ आपल्याकडे आहेत का? पलीकडून लगेच नाव आले: एल्मर ॲलन. मात्र ते आदल्या वर्षी, १९९१ मध्ये, वारले होते.

रहस्यकथेत शोभावा असा हा प्रसंग आहे. परंतु रहस्यकथेत खुनी सापडतो, येथे बळी सापडला. सरकारी दप्तरांना जे नाव चार दशके सांगता आले नाही, ते गावातल्या माणसाने एका दमात सांगितले, कारण त्यांच्यासाठी ॲलन हा शेजारी होता. रेल्वेच्या शयनयान डब्यात तो नोकर होता. गुडघ्याला दुखापत झाली, हाडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. १८ जुलै १९४७ रोजी त्या पायात प्लुटोनियम टोचले गेले आणि तीन दिवसांनी तो पाय कापण्यात आला. छत्तिसाव्या वर्षी एका पायावर उभा राहून त्याने पुढे चव्वेचाळीस वर्षे काढली. १९७३ साली तर त्याला पुन्हा रोचेस्टरला तपासणीस नेण्यात आले. तेव्हाही खरे कारण सांगितले नाही. आपल्यावर प्रयोग झाला असे तो सांगे, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याच्या मनात भ्रम असल्याची नोंद केली होती, असे हा ग्रंथ सांगतो. खरे बोलणाऱ्याला वेडा ठरवण्याची ही चार ओळींची हकिकत कोणत्याही शोकांतिकेहून मला जड वाटली.

ही माहिती वेल्समबाईंच्या आधी जगाला अगदीच नव्हती, असे मात्र नाही. १९८६ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने, एडवर्ड मार्की यांच्या अध्यक्षतेखाली, अशा प्रयोगांचा अहवालच छापला होता. त्यात प्लुटोनियमची इंजेक्शने होती. देश हलला नाही. १९९३ मध्ये तीच गोष्ट नावांसह आली आणि देश हलला. ऊर्जामंत्री हेझल ओलिअरी यांनी दप्तरे उघडण्याचे जाहीर केले. १९९४ च्या जानेवारीत अध्यक्ष क्लिंटन यांनी चौकशी समिती नेमली. १९९५ च्या ऑक्टोबरात समितीचा अहवाल हाती घेऊन त्यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. १९८६ आणि १९९३ यांच्यामध्ये नवे शास्त्र काय आले? काही नाही. एल्मर ॲलन, रंगारी अल्बर्ट स्टीव्हन्स ही नावे आली. वाङ्मय कशासाठी असते, असे विचारणाऱ्यांनी या सात वर्षांकडे पाहावे.

गुणांइतकेच दोषांचेही बोलले पाहिजे. पहिला दोष पसाऱ्याचा. अठरा जणांची गोष्ट सांगता सांगता ग्रंथ किरणोत्सर्गी लोह दिलेल्या गर्भवती स्त्रियांकडे जातो, शाळेतल्या मुलांच्या न्याहारीत मिसळलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याकडे जातो, नेवाड्याच्या वाळवंटात स्फोटाजवळ उभ्या केलेल्या सैनिकांकडे जातो. प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. परंतु एका पंगतीत इतकी पाने मांडल्यावर वाढप्याला कोणाच्याच पानाजवळ थांबता येत नाही. ज्या लेखिकेने नावासाठी वर्षे घालवली, तिच्याच ग्रंथाच्या उत्तरार्धात माणसे पुन्हा गर्दी होऊ लागतात, हे वाचताना खटकते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. बाईंना खलपुरुष हवे आहेत. डॉक्टर मंडळी रंगवताना लेखणीला धार येते आणि वाचकाला संताप करणे सोपे जाते. परंतु त्यांनीच पुरवलेला पुरावा नीट वाचला, तर चित्र अवघड होते. कॅलिफोर्नियातील इंजेक्शनांमागे असलेले जोसेफ हॅमिल्टन घ्या. हा मनुष्य विद्यार्थ्यांसमोर स्वतः किरणोत्सर्गी सोडियम पिऊन दाखवी. १९५७ साली, पन्नाशीच्या आत, तो रक्ताच्या कर्करोगाने मेला. याच हॅमिल्टनने १९५० मध्ये माणसांवरील किरणांच्या प्रयोगांविषयी वरिष्ठांना लिहिले, की त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीची थोडी छटा येईल. त्यापेक्षा चिंपांझी बरे. म्हणजे त्याला कळत होते. कळत असून त्याने केले, आणि केल्यावर कळल्याचे लिहूनही ठेवले. असा माणूस खलपुरुषाच्या साच्यात बसत नाही. त्याच्यासाठी कादंबरीकाराची सबुरी हवी होती, आणि बातमीदाराच्या घाईत ती हरवली.

कारण या प्रकरणातील भयानक गोष्ट ही, की त्याचे मूळ काळजीत होते. तबकड्या रंगवणाऱ्या मुलींसारखे आपल्या कामगारांचे होऊ नये, ही त्या डॉक्टरांची कळकळ खोटी नव्हती. शरीरातील प्लुटोनियमची मर्यादा आरंभी पाच मायक्रोग्रॅम धरली होती, ती १९४५ मध्येच एकावर आणली गेली. राईट लॅंगहॅम यांनी या प्रयोगांतल्या नोंदींवरून जे समीकरण मांडले, त्यावर पुढच्या पिढ्यांच्या कामगारांची तपासणी उभी राहिली. म्हणजे उपयोग झाला. आणि त्या अठरांपैकी कोणी प्लुटोनियमनेच मेला, असे सिद्ध झालेले नाही. रंगारी स्टीव्हन्स तर पोटाच्या कर्करोगाचा रुग्ण समजून निवडला गेला, नंतर तो व्रण निघाला, आणि तो १९६६ पर्यंत जगला.

तेव्हा एखादा व्यवहारी वाचक विचारील: उपयोग झाला, मेले कोणी नाही, मग बिघडले काय? या प्रश्नाला भिडल्याशिवाय पुस्तक मिटू नये. पूर्वी राजाच्या ताटातला पहिला घास चाखायला एक नोकर असे. त्याचे काम क्रूर खरे, पण आपण काय चाखतो आहोत हे त्याला ठाऊक होते. त्याला त्याचा मुशाहिरा होता, आणि नको असल्यास पळून जाण्याचा मार्ग होता. केडला यातले काहीच नव्हते. तो बरा होण्यासाठी खाटेवर पडला होता. डॉक्टर जवळ आला की रोगी हात पुढे करतो, तो विश्वासाने. तो विश्वास दुसऱ्याच्या कामासाठी खर्च केला गेला, आणि ज्याचा होता त्याला विचारलेही नाही. नुकसान शरीराचे किती झाले ते मोजता येईल वा न येईल. पण हे नुकसान त्या सुईच्या क्षणीच पुरे झाले होते. क्लिंटन यांच्या समितीनेही अखेर हेच म्हटले: हेतू कामगारांच्या रक्षणाचा असला, तरी ज्यांना काही लाभ होणार नव्हता अशा रुग्णांना त्यांच्या अजाणतेपणी वापरणे अन्यायाचे होते.

येथे आमच्या कादंबरीकारांच्या जातीविषयीही एक शब्द बोलला पाहिजे. २१ मे १९४६ रोजी लॉस अलामोस येथे लुई स्लोटिन हा तरुण शास्त्रज्ञ प्लुटोनियमच्या गोळ्यावर प्रयोग करीत असता त्याच्या हातचा स्क्रू-ड्रायव्हर निसटला. निळी चमक दिसली. त्याने वरचा भाग हाताने दूर केला आणि खोलीतल्या इतरांना वाचवले. नऊ दिवसांनी तो गेला. त्याच्या मरणावरून डेक्स्टर मास्टर्स यांनी 'द ॲक्सिडेंट' ही कादंबरी लिहिली. ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. गंभीर कृती आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. परंतु त्याच पदार्थाच्या वाटेत आलेल्या केडवर तेव्हा कोणी कादंबरी लिहिली नाही, लिहूही शकले नसते. त्याचे नावच कुलुपात होते. स्लोटिनला शोकान्त नायकाचे मोठेपण मिळाले, कारण तो काय करतो आहे हे त्याला माहीत होते. ज्याला माहीतच नव्हते त्याची शोकांतिका कशी लिहायची, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते एका बातमीदार बाईने शोधले, टेक्सासच्या एका खेड्यात दूरध्वनी करून.

आपल्याकडे इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात गेलो, तर तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला दिसतो. ठराविक मुदतीने तो तपासायला जातो, आणि त्या माणसाला किती किरण लागले ते त्याच्या नावावर लिहिले जाते. किरणांच्या मर्यादांचा तक्ता आज कोरडा आणि सभ्य दिसतो. त्या तक्त्यामागच्या शास्त्रात न्यू जर्सीच्या मुली आहेत, ओक रिजचा मजूर आहे, इटली गावचा एक पायाचा शेजारी आहे. वेल्समबाईंचा ग्रंथ पसरट आहे, कोठे कोठे रागाने आंधळाही आहे. तरीही तो वाचल्यावर असा तक्ता पुन्हा पूर्वीसारखा वाचता येत नाही, आणि एवढे ज्या पुस्तकाला साधले त्याचे दोष मोजून झाल्यावर त्याला नमस्कार करणेच उचित. घरातल्या कॉलेजकुमाराने शास्त्र अवश्य शिकावे. फक्त वहीत आकडा उतरवताना शेजारी एक रकाना मोकळा ठेवावा, नावाचा.